ग्लायडिंग क्लबातली जमिनीवरची कामं: गोव्यातून जाणाऱ्यांनी काय शिकून जावं?

सडाफुली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

पावसाळा ओसरला की फोंडा, डिचोली, म्हापसा इथले आम्ही सहा जण ग्लायडिंग शिकायला निघणार आहोत. गोव्यात त्यासाठी मैदान नाही. दाबोळी नौदलाचा तळ, मोप प्रवासी विमानतळ. बिनइंजिनाच्या विमानाला दोन्हीकडे जागा मिळणं कठीण. आपल्याला जवळचं ठिकाण म्हणजे पुण्याचं हडपसर. तिथे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग केंद्र आहे. पुढेमागे आपल्याकडच्या एखाद्या सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) क्लब उभा राहावा ही मनापासूनची इच्छा आहे, म्हणून हा धागा.

उडायला शिकवायला शिक्षक असतात. मला विचारायचं आहे ते जमिनीवरच्या कामांबद्दल. ग्लायडर विंचने (मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेलं, केबल ड्रमवर गुंडाळून ओढणारं यंत्र) वर चढवायचं तर वैमानिकाशिवाय केबल जोडणारा, पंख धरणारा, खुणा करणारा, वेळ टिपणारा, विंच चालवणारा आणि केबल ओढून परत आणणारा अशी पाच-सहा माणसं लागतात. जगभरच्या क्लबांत ही कामं सभासदच आळीपाळीने करतात. माझं मत असं, की ती नीट येणारी दहा माणसं हाताशी असल्याशिवाय क्लबाचा विचारसुद्धा करू नये. ग्लायडर नंतर घेता येतं.

तर जाणकारांनी कृपया लिहा: आधी काय शिकावं, नेमकं कसं करावं, आणि चुकतं ते कुठे?

दर्यावारा

चांगला विषय. मी ग्लायडर हलवण्यापासून सुरुवात करतो, कारण उडताना जितकी ग्लायडरं मोडतात त्याहून पुष्कळ मैदानात ढकलताना आणि हँगरमधून काढताना खरवडली जातात.

ढकलायचं ते पंखाच्या पुढच्या कडेवर, धडाच्या जवळ, तळहात पसरून. मागची कड पातळ असते आणि तिथे एलेरॉन (ग्लायडर कलवणाऱ्या हलत्या फळ्या) असतात, तिला हात लावायचा नाही. कॅनॉपीला (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला), तिच्या चौकटीला, शेपटीच्या आडव्या पंखाला धरून ढकलायचं नाही, उचलायचं तर नाहीच. पंखाच्या टोकाला एकच माणूस. तो ढकलत नाही, फक्त दिशा देतो आणि तोल राखतो. एएसके-२१ सारख्या दोन आसनी ग्लायडरचा पंखविस्तार १७ मीटर आहे. टोकाला दिलेला छोटासा धक्का मुळाशी केवढा होऊन पोचतो याचा अंदाज त्यावरून येईल. दोन्ही टोकांना दोघे उभे राहून एकमेकांविरुद्ध जोर लावू लागले तर ते धडाच्या जोडांना पिळतात.

जीपने ओढताना दोर पंखविस्ताराच्या निम्म्याहून लांब हवा. एएसके-२१ ला निम्मं म्हणजे साडेआठ मीटर, तेव्हा दहा मीटरचा दोर घ्या. कारण असं: एका बाजूचं टोक गवतात अडकलं की ग्लायडर त्या टोकाभोवती फिरतं. दोर आखूड असेल तर दुसरं टोक थेट जीपच्या मागच्या काचेत. वेग माणसाच्या चालीचा. जीप चालवणाऱ्याने खिडकीची काच खाली ठेवावी आणि रेडिओवरची गाणी बंद, म्हणजे हाक ऐकू येते. उतारावर एक माणूस नाकाशी चालतो, कारण जीप थांबली तरी ग्लायडर थांबत नाही.

वारा असेल तर टोक धरणारा वाऱ्याकडच्या बाजूला, आणि ते टोक किंचित खाली. वर उचललेल्या पंखाखाली वारा शिरला की चार माणसांनाही तो आवरत नाही.

घुमट

म्हणजे पालखीसारखंच. सगळ्यांची चाल एक आणि हुकूम एकाचा. :)

दर्यावारा

@घुमट, अगदी बरोबर. हुकूम एकाचा हे तर पाठच करावं. हँगरमधून काढताना प्रत्येक टोकाला, शेपटीला आणि नाकाला माणूस असतो, पण बोलतो एकच. बाकीच्यांना फक्त एक शब्द मोकळा: "स्टॉप".

पोफळ

उभं करून ठेवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. नाक वाऱ्याकडे करून ठेवावं असं मी वाचलं आहे. मोठी विमानं तशीच ठेवतात ना?

दर्यावारा

ग्लायडरला ते चालत नाही, पोफळभाऊ. ग्लायडरचा पंख लांब आणि वजन कमी. रिकामं एएसके-२१ साधारण ३६० किलोचं. नाक वाऱ्याकडे असलं की झुळकीला पंख उचल घेऊ लागतो. म्हणून ते वाऱ्याला आडवं ठेवायचं, वाऱ्याकडचा पंख खाली टेकवून. त्या टोकावर जुने टायर किंवा वाळूची पिशवी, एअरब्रेक (पंखातून वर येणाऱ्या, उचल कमी करणाऱ्या पट्ट्या) उघडे, शेपटीला दोन्हीकडून टायर, कॅनॉपी बंद करून अडकवलेली. वाऱ्याकडचा पंख खाली असला म्हणजे वारा त्याला वरून दाबतो.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. सकाळी मतलई वारा पूर्वेकडून, दुपारपर्यंत खारा वारा पश्चिमेकडून. उत्तरेकडे नाक करून सकाळी उजवा पंख खाली ठेवला असेल, तर दुपारी नेमका उचललेला डावा पंख वाऱ्याला मिळतो. सकाळी व्यवस्थित ठेवलेलं ग्लायडर जेवणाच्या वेळी उलटायला तयार. वाऱ्याची पिशवी फिरली की पहिलं काम, उभ्या असलेल्या प्रत्येक ग्लायडरचा खालचा पंख बदलणं. गोव्यात क्लब झालाच तर हा नियम फळ्यावर लिहून ठेवावा लागेल.

माटोळी

कॅनॉपीबद्दल थोडं सविस्तर. हा ग्लायडरचा सगळ्यात नाजूक आणि महागडा भाग, आणि नवखे लोक सगळ्यात जास्त हात त्यालाच लावतात.

उघडताना चौकटीला धरायचं. छोट्या सरकत्या खिडकीत हात घालून उचलायचं नाही, तिथून तडा जातो. उघडी असेल तोवर एक हात तिच्यावर. हात सोडायचा तर बंद करून अडकवायची. उघडी ठेवून उन्हात सोडू नये. तिचा बाक भिंगासारखा काम करतो आणि आतली गादी किंवा पट्टा जळू शकतो. पांढरं सुती आच्छादन घालावं.

पुसताना आधी भरपूर स्वच्छ पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची, मगच मऊ सुती कापड किंवा शामवा (मऊ कातड्याचं फडकं). कोरड्या फडक्याने कधीच नाही. आपली जांभ्याची तांबडी धूळ कॅनॉपीच्या ॲक्रिलिकवर पॉलिश पेपरसारखी चालते. पेट्रोल, थिनर, अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव यांनी ॲक्रिलिकला बारीक भेगांचं जाळं पडतं. ते निघत नाही, आणि मावळतीच्या उन्हात वैमानिकाला समोरचं काही दिसत नाही.

कुळागर

केबल जोडण्याचा क्रम लिहितो. आधी केबलच्या टोकाला काय काय असतं ते. विंचकडून येणारी मुख्य केबल, मग छोटं पॅराशूट, मग काही मीटरचा जाड दोर (बहुधा नळीत घातलेला, म्हणजे तो वेटोळत नाही), मग वीक लिंक, आणि शेवटी कड्यांची जोडी. ग्लायडरने केबल सोडली की पॅराशूट उघडतं आणि केबल सरळ, सावकाश खाली येते. विंचवाला तेवढ्यात ती गुंडाळून घेतो.

वीक लिंक म्हणजे मुद्दाम कमजोर ठेवलेला दुवा. जोर मर्यादेबाहेर गेला तर पंखाआधी तो तुटावा यासाठी. टोस्ट कंपनीच्या लिंक रंगाने ओळखतात: काळी १००० डेकान्यूटन, तपकिरी ८५०, लाल ७५०, निळी ६००, पांढरी ५००, पिवळी ४००, हिरवी ३००. डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो वजनाचा जोर. कोणत्या ग्लायडरला कोणती, हे त्याच्या पुस्तिकेत आणि कॉकपिटमधल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. अंदाजाने ठरवायचं नाही. दोन पट्ट्या शेजारी असतात, एकीची भोकं गोल आणि राखीव पट्टीची लांबट. लांबट भोकांमुळे राखीव पट्टीवर एरवी ताण येत नाही. गोल भोकं ताणून लांबट झालेली दिसली तर ती लिंक बाद.

आता क्रम:

वैमानिकाच्या तपासण्या पूर्ण होऊन तो स्वतः मागेपर्यंत केबल जवळ आणायची नाही. एकदा केबल जोडली की ग्लायडर निघू शकतं असंच समजायचं.

कड्या, लिंक, बोल्ट बघा. लिंकचा रंग मोठ्याने सांगा आणि वैमानिकाकडून "बरोबर" ऐका.

कोणत्या हुकला? विंचला पोटाखालचा हुक. नाकाचा हुक विमानामागे ओढून नेताना वापरतात.

"उघडा" म्हणा. वैमानिक पिवळी मूठ ओढतो. लहान गोल कडी हुकात द्या. "बंद" म्हणा. कडी दोनदा ओढून बघा. बोटं कडीच्या आत नकोत, बाहेरून धरा.

उठून बाजूला व्हा. केबल ओलांडायची नाही, तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून तर मुळीच उभं राहायचं नाही.

मुठींचे रंग मदतनिसांनाही पाठ हवेत: पिवळी केबल सोडायची, निळी एअरब्रेकची, हिरवी ट्रिमची (काठीवरचा जोर हलका करणारी), लाल कॅनॉपी फेकून द्यायची. लाल मुठीला हात नाही.

शिमगो

@कुळागर, वाचनखूण साठवली. एक भर घालतो. दिवसाच्या पहिल्या तपासणीत हुकची दोन्ही प्रकारे परीक्षा होते. एक, ताण देऊन पिवळी मूठ ओढली की कडी सुटते का. दोन, कडी मागच्या बाजूला ओढली की मूठ न ओढताही आपोआप सुटते का. विंचच्या डोक्यावरून ग्लायडर पुढे गेलं आणि केबल सुटली नाही, तर शेवटचा आधार या दुसऱ्या गुणाचाच. चिखल, गवत, तांबडी माती हुकात अडकली की तोच आधी बिघडतो.

तपासणीवर सही अधिकृत माणसाची, पण मदतनीस तिथे हवाच. कंट्रोलची तपासणी एकट्याने होत नाही. बाहेरचा माणूस एलेरॉन हलक्या पण पक्क्या हाताने धरून ठेवतो, आतला कंट्रोलची काठी हलवून जोर लावतो. एलेरॉन हातात दबला पाहिजे. आतली काठी सैल हलत असेल तर मधला जोड जोडलेलाच नाही. पंख जोडल्यानंतर हे केल्याशिवाय उड्डाण नाही.

सडाफुली

बापरे, एवढं सविस्तर! मनापासून आभार. पंख धरण्याबद्दल आणि खुणांबद्दल कुणी सांगाल का? आम्हाला पहिल्या दिवशी बहुधा तेच काम मिळेल.

पोफळ

मिळेल की. पंख धरून चार पावलं पळायचं, यात अवघड काय? नव्यांना तेच द्यावं, उत्साह वाढतो.

माटोळी

पोफळभाऊ, इथे मी ठाम असहमत आहे. पंख धरणारा हा ग्लायडर बाहेरून बघणारा शेवटचा माणूस. आतल्या माणसाला शेपूट दिसत नाही. पंख उचलण्याआधी हे त्याने बघायचं:

शेपटीखालचं चाक, म्हणजे टेल डॉली, काढलं का? ते राहिलं तर वजनाचा मध्य मागे सरकतो आणि नाक वर जाऊन आवरत नाही. म्हणून डॉलीला भडक रंग देतात आणि काढल्यावर ठरलेल्या एकाच जागी ठेवतात. ती जागा रिकामी दिसली तर डॉली कुठे आहे हे सगळ्यांना कळतं.

एअरब्रेक दोन्हीकडे बसले आहेत का, कॅनॉपी अडकली आहे का.

एकट्याचं उड्डाण असेल तर मागच्या आसनाचे पट्टे घट्ट बांधले आहेत का, गादी काढली आहे का. सुटा पट्टा मागच्या काठीत अडकू शकतो. पाण्याची बाटली, मोबाइल, सुटी नाणी, काही नको.

वर आणि मागे मोकळं आहे का. मागे म्हणजे उतरायला येणारं दुसरं ग्लायडर. हे मान वळवून बघायचं, कुणाला विचारून नाही.

पुढे उतरायची जागा मोकळी आहे का. कमी उंचीवर केबल तुटली तर वैमानिक सरळ पुढेच उतरतो. तिथे जीप किंवा गुरं असली तर थांबायचं.

एवढं डोळ्यात बसल्याशिवाय पंख देऊ नये. पहिला दिवस नोंदवहीवर आणि बघण्यात जावा.

दर्यावारा

माटोळीताईंना अनुमोदन. पळण्याबद्दल: टोक मुठीत आवळायचं नाही, बोटांवर तोलायचं. मागे खेचलं तर ग्लायडर त्या बाजूला वळतं, पुढे ढकललं तर दुसरीकडे. विंचचा ओढा लागल्यावर तीन-चार सेकंदांत ग्लायडर माणसाच्या पुढे निघून जातं, तेव्हा हात आपोआप सुटू द्यावा. पंख जमिनीला टेकू लागला तर तो वर उचलण्यासाठी मागे धावायचं नाही. केबल लगेच सोडणं हे वैमानिकाचं काम आहे. टोक गवतात रुतून ग्लायडर कोलांटी खाण्याचा धोका तिथेच असतो.

आणि वैमानिकाने सांगितल्याशिवाय पंख सपाट करू नका. सपाट पंख म्हणजे "तयार" असा अर्थ लांबून घेतला जातो.

शिमगो

खुणा, ब्रिटिश क्लबांत चालतात त्या:

ढील काढा (केबल ताठ होईपर्यंत सावकाश ओढा): एक हात खाली, शरीरापुढे झोक्यासारखा.
पूर्ण ओढा: एक हात डोक्यावरून झोक्यासारखा.
थांबा: दोन्ही हात सरळ वर, स्थिर.

दिव्याने त्याच क्रमाने सावकाश लुकलुक, भरभर लुकलुक आणि न मिटणारा दिवा. ज्या मैदानावर जाल तिथली पद्धत वेगळी असू शकते, सकाळच्या बैठकीत विचारून घ्या आणि तीच पाळा.

घुमट

रेडिओ असताना हात कशाला हलवायचे?

शिमगो

कारण दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की तिसऱ्याला काहीच ऐकू येत नाही, आणि "थांबा" नेमकं त्याच क्षणी लागतं. रेडिओ असावा, दिवा असावा, हातही असावेत. विंच ८०० ते १२०० मीटरवर असतो. दुपारच्या धगीत त्या अंतरावरून हात नीट दिसत नाही, म्हणून दिवा.

शब्दाबद्दल एक सूचना. आपल्या मंडळींत कुणी "थांबा" म्हणेल, कुणी कोकणीत "राव", कुणी "रुको". एकच शब्द ठरवा, "स्टॉप", सगळ्यांना तोच. आणि तो कुणीही म्हणू शकतो. पहिल्या दिवशी आलेला, फक्त बघायला आलेलासुद्धा. शंका खोटी निघाली तर दोन मिनिटं गेली. त्यासाठी कुणी कुणाला बोल लावायचा नाही.

तारवटी

दोरकामाचा विषय निघालेला दिसला म्हणून लिहितो. आपल्याकडे घरटी कुणी ना कुणी जहाजावर गेलेला असतो, त्यांना हा भाग सोपा जाईल.

विंचची केबल दोन प्रकारची. स्टीलची, साधारण साडेचार-पाच मिलिमीटर. किंवा सिंथेटिक, डायनीमासारख्या तंतूची. पाच मिलिमीटरची एक किलोमीटर स्टीलची केबल शंभर किलोच्या आसपास भरते, सिंथेटिक पंधराच्या आसपास. हलकी केबल ग्लायडरला खाली ओढत नाही, त्यामुळे उंची थोडी जास्त मिळते. स्टील तुटली की वेटोळी उसळतात, सिंथेटिक तेवढी उसळत नाही.

स्टीलला कातडी हातमोजे हवेतच. तुटलेल्या तारा माशाच्या गळासारख्या बाहेर आलेल्या असतात. तुटकी केबल गाठ मारून चालवत नाहीत. खराब भाग कापून दोन टोकं धातूच्या नळीत घालून प्रेसने दाबतात.

सिंथेटिक पोकळ विणीची असेल तर तिचं टोक तिच्याच पोटात घालतात. गाठ मारली तर ताकद निम्म्यावर येते. पोटात घालायची लांबी जाडीच्या ७२ पट, म्हणजे पाच मिलिमीटरला ३६ सेंटीमीटर. केबलच्या कारखान्याने वेगळी लांबी दिली असेल तर ती. आत जाणारं टोक एकदम कापायचं नाही. एकेक लड थोड्या थोड्या अंतरावर कमी करत निमुळतं करायचं, नाहीतर जिथे ते संपतं तिथे केबल अचानक बारीक होते आणि तिथेच तुटते. शेवटी दोऱ्याने टाके, म्हणजे ताण नसताना टोक बाहेर सरकत नाही.

पोफळ

मग सिंथेटिकच घ्यावी ना? आपल्या सड्यावर तर हलकी बरी.

तारवटी

सड्यावर मी आधी स्टीलच सांगेन. जांभा कानशीसारखा आहे. सिंथेटिक केबल दर उड्डाणाला त्याच्यावर घासत जाईल, आणि दीडशे अंशांच्या आसपास हा तंतू वितळतो, त्यामुळे घर्षणाची उष्णताही तिला भोवते. गवताची जाड पट्टी करता आली तर सिंथेटिकचा विचार करा. सड्यावर माती वीतभर. पावसात हिरवंगार, डिसेंबरला गवत वाळून कातळ उघडा. ती पट्टी राखणं हेच मोठं काम होईल.

कुळागर

तारवटीबाब, पटलं. केबल परत आणण्याबद्दल मी भर घालतो, कारण नव्यांना ट्रॅक्टर लवकर देतात. विंचपासून निघताना सावकाश, मग एकसारखा वेग, आणि थांबताना आधीपासून हळू होत जायचं. एकदम ब्रेक मारला तर ट्रॅक्टर थांबतो पण ड्रम फिरतच राहतो आणि केबलचा गुंता होतो. तो सोडवण्यात तास जातो. दोन ड्रमचा विंच असेल तर दोन्ही केबली समांतर, सरळ रेषेत, मध्ये नेमून दिलेलं अंतर ठेवून. आडवा वारा असेल तेव्हा वाऱ्याच्या खालच्या बाजूची केबल आधी वापरायची. वरच्या बाजूची आधी वापरली तर पडताना ती वाहत येऊन दुसरीवर पडते.

विंच स्वतः चालवणं हे पहिल्या वर्षाचं काम नाही. पण विंचवाल्याशेजारी बसून बघा. साधारण केबलच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शापासून ४० टक्क्यांपर्यंत उंची मिळते, अर्ध्या-पाऊण मिनिटात. तेवढ्या वेळात तो केबलचा बाक आणि ग्लायडरचा कोन बघून जोर कमीजास्त करतो. केबल ड्रमवर अडकली तर तोडायला गिलोटिन असतं, ते कुठल्या दांडीने चालतं हे शेजारी बसणाऱ्यालाही माहीत हवं.

माटोळी

वळवाच्या दिवसांसाठी: आसपास गडगडाट ऐकू आला की विंच बंद. एक किलोमीटर स्टीलची तार उभी आकाशात नेण्याचा तो वेळ नाही. एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीकडून ढग दुपारी चढतात. पूर्वेकडे बघायला एक माणूस नेमा.

घुमट

नोंदवही कुणाला द्यायची? लिहायचं काम सोपं, ते मी घेतो. :)

शिमगो

घ्याच, पण सोपं समजू नका. रकाने: अनुक्रम, ग्लायडर, वैमानिक, दुसरा वैमानिक, निघाल्याची वेळ, उतरल्याची वेळ, मिनिटं, कोणता ड्रम, शेरा. घड्याळ एकच. वर लिहून ठेवा, वेळ भारतीय की जागतिक. दोन्हींत साडेपाच तासांचा फरक आहे आणि मिसळली की महिन्याचा हिशेब चुकतो. निघाल्या निघाल्या लिहायचं, आठवून नाही.

या वहीवर दोन गोष्टी अवलंबून आहेत. एक, कोण अजून वर आहे. उतरल्याचा रकाना रिकामा आणि वेळ होऊन गेली, तर शोध तुम्हीच सुरू करायचा. दोन, ग्लायडरचं आयुष्य. जून २०१० मध्ये ऑस्ट्रियात ब्लानिक एल-१३ चा पंख हवेत तुटला, धातूच्या थकव्याने. त्यानंतर युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेने त्या जातीची उड्डाणं थांबवली, आणि जगभर क्लबांना जुन्या वह्या काढून किती तास, किती उड्डाणं, कोणत्या प्रकारची हे मोजावं लागलं. वहीत न लिहिलेलं उड्डाण पंखाने मात्र सोसलेलं असतं.

घुमट

हे ठाऊक नव्हतं. वही माझी, नीट सांभाळीन.

पोफळ

माटोळीताई, मी पंखाबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो. डॉली आणि मागच्या पट्ट्यांची गोष्ट लक्षात आली नव्हती.

दर्यावारा

मूळ प्रश्नाकडे येऊया. सडाफुली, सहा जणांनी निघण्यापूर्वी घरबसल्या काय करावं: एक, वीक लिंकचे रंग, मुठींचे रंग आणि तीन खुणा तोंडपाठ. दोन, निदान दोघांनी ट्रॅक्टर किंवा जीपवर मोकळ्या मैदानात दोर ओढत सावकाश थांबण्याचा सराव. तीन, प्रथमोपचाराचं एक दिवसाचं प्रशिक्षण, विशेषतः मणक्याला मार बसलेल्याला न हलवणं. चार, दोरकाम.

सोबत कातडी हातमोजे, घट्ट बसणारी टोपी (केबलजवळ ओढणी, उपरणं, गळ्यातली ओळखपत्राची दोरी नको), आणि माणशी तीन लिटर पाणी.

सडाफुली

सगळं उतरवून घेतलं. आमच्यातले दोघे रविवारी मालीम जेटीवर जाऊन ट्रॉलरवाल्यांकडून दोराचा सांधा शिकणार आहेत. चालेल ना?

तारवटी

हाताला दोराची सवय म्हणून जरूर जा, पण तो सांधा वेगळा. ट्रॉलरचा दोर बहुधा तीन पिळांचा, त्यात लडी एकमेकींखाली विणतात. विंचची सिंथेटिक केबल पोकळ विणीची, तिथे टोक पोटात जातं. सरावाला पाच-सहा मिलिमीटरचा पोकळ विणीचा दोर तीन मीटर घ्या आणि एका टोकाला बोथट केलेली, दुसऱ्या टोकाला पोकळ अशी नळी; जुन्या छत्रीची काडी चालते, कड घासून घ्या. सहा जणांनी प्रत्येकी चार फास करा, त्यातला प्रत्येकी एक उभा कापून आत बघा. टोक निमुळतं झालं आहे की एकदम संपलं आहे, ते तिथेच दिसेल.

सडाफुली

देव बरें करूं, तारवटीबाब. छत्रीच्या काड्या आजच शोधते.